सहाशे ग्रॅम

इनाबे, शुक्रवार, १० ऑक्टोबर

रेंजी,

पत्राची सुरुवात ऋतूपासून करावी असं आई सांगायची, म्हणून आधी ते उरकतो. भातकापणी झाली आहे, डोंगरावरच्या झाडांवर अजून लाली चढलेली नाही. दुकानात सर्दी झालेली गिऱ्हाइकं येतात आणि ऐन दाढी चालू असताना शिंकतात. झाला ऋतू.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या गॅरेजच्या मालकांनी दिला. सहजासहजी नाही दिला. दोन वेळा केस कापून घेतले आणि दोन्ही वेळा "बघतो" म्हणाले. तिसऱ्या वेळी एक चिठ्ठी आरशासमोर ठेवून निघून गेले. नेमुरो! नकाशात बोट ठेवून पाहिलं, त्याच्या पुढे नुसता समुद्र. एवढं लांब जायची काही गरज होती का, असं मी लिहिणार होतो, पण मिहो मागून वाचत होती. म्हणाली, "अहो, पहिल्याच पानावर भांडण नको." तेव्हा ते वाक्य मी लिहिलंच नाही असं समज.

मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस असं कळलं. चांगलं आहे. मिठाच्या पाण्यानं लोखंडाचं काय होतं ते तूच मला एकदा समजावलं होतंस. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता अशा गोष्टी आठवून आठवून कामाला येतात, कारण पोरीच्या गो-कार्टचं काम बघायला तुझ्या जागी आता मी आहे. हसू नकोस. पहिल्या वर्षी चाकात हवा भरताना मी मापाचा काटा उलटा वाचायचो. साखळी बसवताना बोट चिरलं तेव्हा शेजारच्या तंबूतला उराता ओरडला, "काय हो वस्तरेवाले, दुकानात कधी रक्त काढत नाही आणि इथे काढता?" तेव्हापासून अख्ख्या ट्रॅकवर माझं नाव वस्तरेवाले. उराताला तू ओळखतोस. त्याचा मुलगा सोमा इरोहाच्याच गटात आहे, तिच्याहून डोक्यानं उंच झालाय आणि तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघतो.

इरोहा बारा वर्षांची झाली. उद्या-परवा मोसमातली शेवटची शर्यत आहे. पहिल्या सहांत आली तर मार्चपासून मोठ्या गटात तिची जागा पक्की, नाहीतर आणखी एक वर्ष लहान मुलांत. तिला ते नकोय. पाय सीटमध्ये मावत नाहीत म्हणते. मी दोन दिवस दुकानात नसणार, आणि शनिवार-रविवार म्हणजे न्हाव्याचे कमाईचे दिवस, तर सगळी डोकी मिहो एकटी बघणार आहे. हागा आजोबा आत्ताच रुसून बसलेत. त्यांची दाढी मीच करायची असा नियम त्यांनीच केलाय.

मे महिन्यातल्या त्या प्रकाराबद्दल, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या, या पत्रात काही लिहीत नाही. इरोहाचं मनगट चांगलं जुळलंय. थंडीत जरा दुखतं, बस्स.

मी तुला हे पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही. उत्तराची घाई नाही.

शिगेरू

ट्रॅकवरून, शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी चार

रेंजी,

कालचं पत्र सकाळी येताना पेटीत टाकलं. आज पुन्हा लिहायला बसलोय, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. मिहोला फोन केला तर ती एका हातात कात्री घेऊन बोलत होती, तिला अर्धंच सांगितलं.

सकाळी वेळेच्या फेरीत पोरगी बावीस जणांत तिसरी आली. तंबूत आली ती बरगड्या धरून. "बाबा, सीट दाबतेय." या उन्हाळ्यात चार सेंटिमीटर वाढली आहे, सीट कुठून पुरणार? उराताकडे एक मोठी सीट पडून होती, त्यानं दिली. पुढच्या शर्यतीला पन्नास मिनिटं होती. तू असतास तर वीस मिनिटांत झालं असतं. मला चव्वेचाळीस लागली. पण बसवली, एकट्यानं.

दुपारची शर्यत दहा फेऱ्यांची. उद्याच्या अंतिम शर्यतीत कुणी कुठून सुटायचं ते हिच्यावर ठरतं. इरोहा जिंकली रे. सोमाला सातव्या फेरीत आतून असं गाठलं की उराताच्या हातातली घड्याळाची पाटी खाली पडली. मी कुंपणाला धरून उभा होतो, ओरडलोसुद्धा नाही, नुसता हसत होतो. बाजूच्या बाईंनी विचारलं, "तुमची का?" मी म्हणालो, "हो, माझी." असं म्हणायची संधी किती वर्षांनी आली.

मग काट्यावर गेलो. तुला माहीतच आहे, शर्यत संपली की गाडी आणि पोर दोन्ही एकत्र तोलतात, नियमाच्या वजनाहून कमी भरलं की निकाल रद्द. काट्यावर निशिवाकी बसतात, तेच, जाड भिंगाच्या चष्म्याचे. त्यांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. तीन वेळा तोललं. सहाशे ग्रॅम कमी.

इरोहाला मागच्या आठवड्यात ताप आला होता. दोन दिवस नीट जेवली नव्हती. वजन उतरलं असणार. मी तसं निशिवाकींना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण नियम नियम आहे."

म्हणजे उद्या ती सगळ्यांच्या मागून, बाविसावी सुटणार.

ती रडली नाही. हेल्मेट काढलं, निशिवाकींसमोर वाकली, मग माझ्यासमोर वाकली. "बाबा, सॉरी. माझ्यामुळे झालं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं."

तंबू आवरून आता खालच्या गावातल्या मुक्कामाच्या घरी जातो. पेटी वाटेतच आहे.

शिगेरू

ट्रॅकवरून, रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी साडेसात

रेंजी,

काल टाकलेलं पत्र खोटं आहे. पेटीत हात घालून ते परत काढता आलं असतं तर काढलं असतं, खोटं कशाला सांगू, हात घालून बघितलाही. मनगटापर्यंतच जातो.

ताप खरा. दोन दिवस जेवली नाही तेही खरं. पण त्याला आता दहा दिवस झाले आणि ती भरपूर जेवून पूर्वीसारखी झाली आहे. सहाशे ग्रॅम तिच्या अंगातून गेले नव्हते. जुन्या सीटला वजन भरून काढायला शिशाच्या दोन पट्ट्या लावलेल्या होत्या. मोठी मी नव्या सीटला लावली. धाकटी, एक किलोची, दुकानातल्या जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवली, मोठी बसवून झाली की हीही लावू म्हणून. आणि विसरलो.

काट्यावर निशिवाकींनी विचारलं, "काही सुटून पडलं का?" त्याच क्षणी तो टॉवेल माझ्या डोळ्यांसमोर आला. निळ्या काठाचा. आणि माझ्या तोंडातून शब्द आले, "मुलगी आजारी होती हो." मी ठरवून बोललो नाही, पण बोललो मीच. मग ती माझ्यासमोर वाकली तेव्हा खरं सांगायला एक क्षण होता. तो गेला. नंतरचा प्रत्येक क्षण आधीच्यापेक्षा अवघड होत गेला.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी ती जेवायला बसली. एक वाटी भात, दुसरी, तिसरी. घरमालकीणबाई खूश. "वा, अशी जेवणारी मुलगी पाहिजे!" म्हणत त्यांनी बांगड्याचा आणखी एक तुकडा वाढला. चौथ्या वाटीला इरोहानं बाईंना विचारलं, "तुमच्याकडे वजनाचा काटा आहे?" न्हाणीघराबाहेर होता. ती उठून वजन करून आली, पुन्हा बसली, पाचवी वाटी मागितली. मी म्हणालो, "अगं पुरे." ती म्हणाली, "बाबा, अजून चारशे ग्रॅम." पाणी प्यायली, पुन्हा काट्यावर. असं चार वेळा केलं. मग जेवणघरातून पळत न्हाणीघरात गेली आणि सगळं ओकली. मी पाठीवर हात फिरवत उभा होतो. तिला ओकण्याचं दुःख नव्हतं. "गेलं सगळं," एवढंच म्हणत होती. "बाबा, गेलं सगळं."

तरीही मी सांगितलं नाही. आता बिचारी झोपू दे, सकाळी बघू, असं मनाशी म्हणालो. चांगुलपणाचं सोंग फार सोपं असतं रे.

आज पहाटे जाग आली तर ती अंथरुणात बसलेली. बाईंनी सोबत बांधून दिलेले भाताचे मुटके समोर, एक हातात. गार भात. चावत होती आणि डोळ्यांतून पाणी गालावरून मुटक्यावर पडत होतं. खाववत नव्हतं तरी खात होती.

मी तो मुटका तिच्या हातातून काढून घेतला.

"इरोहा, वजन तुझं कमी नव्हतं. शिशाची पट्टी मी लावायला विसरलो."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"पेटीत आहे. निळ्या काठाच्या टॉवेलमध्ये."

"कधी कळलं तुला?"

"तिथेच. काट्यावर."

"म्हणजे मी जेवत होते तेव्हा..."

"हो."

"ओकले तेव्हा?"

"तेव्हाही."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नाक पुसलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "घाबरला होतास?"

"हो."

"निशिवाकींना?"

"तुला. तू यापुढे मला गाडीला हात लावू देणार नाहीस असं वाटलं."

खाली बाईंनी नळ सोडल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "काका घाबरला नव्हता."

रेंजी, दोन वर्षांत तिनं तुझं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. मला वाटायचं, पोर विसरली. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. तिला सगळं आठवतं. स्टीअरिंगचा नट निघाला, गाडी तिसऱ्या वळणावर टायरांच्या भिंतीत घुसली, आणि गवतातून पहिला धावत आलास तो तू. "मी आडवी पडलेली असतानाच काका म्हणाला, चूक माझी, नट मी घट्ट केला नाही. कुणी विचारायच्या आधीच. मग तू आलास आणि तू त्याला ते बोललास."

मी काय बोललो ते तिला आठवतं. स्ट्रेचरवर होती, मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. सगळ्या तंबूंतली माणसं जमली होती, उराता, निशिवाकी, सगळे. आणि मी म्हणालो, "स्वतःचं मूल असतं ना तुला, तर दोनदा तपासलं असतंस."

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. अक्षर बघ कसं आलंय.

पाच वर्षांची असल्यापासून तिला गाडीत बसवलंस तू. तिचा पहिला दात पडला तोही तुझ्याच गॅरेजमध्ये. हे सगळं ठाऊक असून बोललो.

आणखी एक गोष्ट आहे, जी इरोहाला माहीत नाही, तुलाही बहुतेक आठवत नसेल. तू त्या दिवशी स्टीअरिंगखाली हात घालून बसला होतास तेव्हा मी तंबूतून हाक मारली होती, "अरे ये, चहा गार होतोय." तू "आलो" म्हणालास आणि आलास. मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो की नट त्याआधीच आवळून झाला असेल. काल हातात पाना घेतलेला असताना उरातानं सीटबद्दल काहीतरी विचारलं, मी मान वर केली आणि ती पट्टी राहिली. तेव्हा कळलं, कसं राहतं ते.

मी तिला विचारलं, "काकावर तुझा राग नव्हता?" ती म्हणाली, "कशाला? त्यानं सांगितलं होतं ना." आणि मग, "तूही सांगितलंस. उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस. आता निशिवाकींनाही सांग. आणि भूक लागली तर हे मुटके तू खा, मला बघवत नाहीत."

पोरीला लागली ती पाच मिनिटं. मला दोन वर्षं.

निशिवाकी साडेसहालाच काटा पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "तीस वर्षं या काट्यावर बसतोय. इथे ज्याचं ज्याचं वजन कमी भरतं, त्याचं पोर आदल्या आठवड्यात आजारीच असतं. तुम्ही पहिले, जे दुसऱ्या दिवशी परत आलात." मग म्हणाले, "निकाल काही बदलत नाही हं."

"नाही, तेवढ्यासाठी नाही आलो."

"कळलं ते."

अंतिम शर्यत साडेअकराला. आता पट्टी लावायची आहे. ती हाका मारतेय.

शिगेरू

इनाबे, सोमवार, १३ ऑक्टोबर

रेंजी,

आज सुट्टी. मिहो दोन दिवस एकटीनं एकोणतीस डोकी कापून आडवी झाली आहे, पाय उशीवर. इरोहा तिच्याशेजारी तोंड उघडं टाकून झोपली आहे, भर दुपारी. दोघींना उठवायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला कालचं सांगतो, नीट, क्रमानं.

पट्टी तिनं लावली. मला हात लावू दिला नाही, पण पळवूनही लावलं नाही. "मी आवळते, तू बघ आणि मोठ्यानं बोल." मग ती आवळायची आणि मी ओरडायचो, "डावा झाला! उजवा झाला!" पट्टी झाल्यावर ती म्हणाली, "आता सगळेच." चारही चाकं, ब्रेक, साखळी, स्टीअरिंग. आजूबाजूच्या तंबूंतून लोक बघायला लागले. उराता आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय हो वस्तरेवाले, लिलाव चाललाय का?"

मी त्याला सांगितलं, आदल्या दिवशी काय झालं ते. त्याची सीट होती, त्याला वाटत असणार सीटमुळेच काही झालं. त्यानं ऐकलं आणि जरा वेळ डोकं खाजवलं. मग सोमाला हाक मारली. "अरे ए, ये इकडे. आपलेही नट मोजू." तो पोरगा लाजेनं लालेलाल. पण दोघं बापलेक बसले, आणि थोड्या वेळानं दोन तंबूंतून "डावा झाला, उजवा झाला" चाललं होतं. इरोहा हसली. शनिवारपासून पहिल्यांदा.

गाडीत बसताना तिनं हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "बाबा, मागून सुटायचं म्हणजे सगळे दिसतात. बरंय." मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं तर काच खाली.

सोळा फेऱ्या. पहिल्याच वळणावर पुढे चौघं एकमेकांत अडकले. ती मागे होती म्हणून तिला ते आधी दिसलं. बाहेरून वळसा घालून निघाली आणि एका फटक्यात अठरावी. पाचव्या फेरीला तेरावी. मी पाटीवर आकडे लिहून दाखवत होतो. एकदा तर घाईत एकतीस लिहिलं, तिनं नंतर विचारलं, "बावीस जणांत एकतिसावी कशी येते रे?" नवव्या फेरीला दहावी. मग तीन फेऱ्या काहीच होईना. पुढचा मुलगा प्रत्येक वळणावर आतली बाजू धरून बसलेला. माझ्या शेजारी उराता, त्याचा मुलगा सगळ्यांत पुढे, तरी तो माझ्या पोरीकडे बघत होता. "घाई करू नको गं," तो पुटपुटत होता, "घाई करू नको." मला आठवलं, हे तू तिला सांगायचास. मी नेहमी "जा! जा!" ओरडायचो. काल मी ओरडलो नाही.

तेराव्या फेरीत पुढचा मुलगा जरासा बाहेर गेला. ती तिथेच होती. चौदाव्यात आणखी एक. ती आठवी झाली, मग सातवी. शेवटची फेरी. सहावा मुलगा तिच्यापुढे दोन गाड्यांच्या अंतरावर. पुलाखालच्या वळणातून दोघं बरोबर बाहेर आले आणि सरळ रस्त्यावर शेजारी शेजारी. मला तिथून काहीच कळेना, कोण पुढे. झेंडा पडला. उरातानं माझा हात इतका आवळला होता की अजून निळा आहे. आणि त्याचा मुलगा जिंकला होता, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

सगळे काट्याकडे चालले. मी गाडी ढकलत होतो. एव्हाना ती गोष्ट सगळ्यांना कळली होती. म्हणून ज्यांचं तोलून झालं होतं तेही थांबून राहिले. निशिवाकींनी गाडी काट्यावर घेतली, इरोहा बसली, हेल्मेटसकट, मान ताठ. ते आकड्याकडे बघत राहिले. चष्मा पुसला. मला वाटलं, आता जीव जातो.

"नऊशे ग्रॅम जास्त," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "भात जरा कमी खाल्लास तरी चालेल गं."

अख्खी रांग हसली. निकाल लागला तेव्हा ती सहावी होती, तीन शतांश सेकंदानं. बक्षिसाच्या फळीवर सर्वांत खालच्या पायरीवर उभी राहिली, कप पाण्याच्या पेल्याएवढा. सोमा वरच्या पायरीवरून वाकून तिला काहीतरी म्हणाला, या वेळी तिच्याकडे बघून. काय म्हणाला ते ती सांगत नाही.

परतताना टेम्पोत तिनं विचारलं, "काका कुठे असतो आता?" मी म्हणालो, "नेमुरोला." तिला आश्चर्य वाटलं, मला ठाऊक आहे याचं. "मग तू त्याला लिही ना." मी म्हणालो, "लिहितोय. शुक्रवारपासून."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल, आणि माझ्याबद्दल."

"दुकानाचा फोन नंबर लिहिलास?"

नव्हता लिहिला. तुला तोंडपाठ असणार असं धरून चाललो होतो. ती म्हणाली, "असं धरून चालायचं नसतं बाबा." तर खाली मोठ्या आकड्यांत लिहितो. ती उठली की स्वतः तपासणार आहे.

शिगेरू

इनाबे, रविवार, १९ ऑक्टोबर

रेंजी,

काल तू फोन केलास आणि आज मी पत्र लिहितोय, हे उलटंच झालं. पण फोनवर जे झालं ते तुला इकडच्या बाजूनं दिसलं नाही, म्हणून लिहितो.

शनिवार, सकाळचे अकरा, दुकान भरलेलं. माझ्या खुर्चीत हागा आजोबा, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. बाकावर तिघं. मिहोनं फोन उचलला, "हो, बोला" म्हणाली, आणि मग नुसती उभी. तिचा चेहरा आरशात बघून मला कळलं कोण आहे. तिनं फोन इरोहाला दिला.

तुम्ही दोघं पस्तीस मिनिटं बोललात. मी मोजली, कारण दुसरं काही करवत नव्हतं. इरोहा केस झाडायच्या स्टुलावर बसून पाय हलवत सांगत होती, गाडी, वळणं, कप, भात, ओकणं, सगळं, गिऱ्हाइकांसमोर. ओकण्याचं ऐकून बाकावरचा एक जण हसायला लागला. हागा आजोबांच्या गालावरचा फेस वाळला. मी पुन्हा लावला. पुन्हा वाळला. ते म्हणाले, "शिगेरू, तू आधी तो फोन घे. माझी दाढी कुठे जात नाही."

इरोहानं फोन पुढे केला. "काका म्हणतो, तुला बोलायचं असेल तर."

मी आतल्या खोलीत जाऊन बोलणार होतो. तार पुरली असती. मिहोनं दारसुद्धा उघडून दिलं. पण मला वाटलं, ते मी चारचौघांत बोललो होतो. मग हे खोलीत जाऊन कसं बोलू? म्हणून तिथेच उभा राहिलो, एका हातात वस्तरा, आणि म्हणालो, "रेंजी, त्या दिवशी मी तुला बोललो ते चुकीचं होतं. माझी चूक झाली. मला माफ कर."

बाकावरचे तिघे फरशीकडे बघत होते.

आणि पलीकडून तू काय म्हणालास? "दादा, इथे बोटीचं इंजिन चालू आहे, काही ऐकू येत नाही. परत बोल."

मग मी परत म्हणालो. ओरडून. रस्त्यापलीकडच्या भाजीवालीनं मान वर करून बघितलं. आणि तू म्हणालास, "हां, आता आलं ऐकू." नंतर आपण काय बोललो ते मला धड आठवत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी बोटी किनाऱ्यावर ओढल्या की येतोस, एवढं आठवतं. ये. वरची खोली रिकामी आहे, मिहोनं गाद्या उन्हात घातल्यात आत्तापासून. हागा आजोबांची दाढी मी पूर्ण केली, जरा ओरखडा आला, पण त्यांनी काही म्हटलं नाही. जाताना नेहमीच्या आठ मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं गप्पा मारत बसले.

पहिल्या वेळी तुला खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे मी विचारणार नाही. मिहोचं म्हणणं, इंजिन असेल. इरोहा म्हणते, पस्तीस मिनिटं ती तुझ्याशी बोलत होती, कसलंही इंजिन चालू नव्हतं.

तुझा दादा